पीओपीची लादी, आठ महिने वापरून: सगळा घात कडेने केला

मी मातीची भांडी करते. उरलेल्या मातीतलं पाणी शोषून ती पुन्हा वापरता यावी, म्हणून फेब्रुवारीत पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) दोन लाद्या ऑनलाइन मागवल्या. दीड बाय दोन फूट, दोन इंच जाड, 900 रुपयांना एक. त्याआधी मी मातीचा रबडा जुन्या लुगड्यात बांधून चक्क्यासारखा टांगायची. तीन दिवस ठिबकायचा, तरी मधला गोळा पचपचीतच.

एप्रिलमध्ये लादीने जीव जिंकला. उरलेले मातीचे तुकडे खडखडीत वाळवायचे (अर्धओले टाकले तर पाण्यात विरघळतच नाहीत), भिजवायचे, वरचं पाणी नळीने काढायचं, 80 मेशच्या (बारीक जाळीच्या) चाळणीतून गाळून बोटभर जाडीचा थर ओतायचा. सांगलीचं ऊन असं, की दोन-अडीच तासांत कडा सुटायच्या आणि अख्खा थर थालीपीठासारखा उलटायचा. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते.

जूनमध्ये एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून घेतलेला मातीचा मग परत आणला. ग्लेज (काचेसारखा लेप) होऊन आठ दिवस झालेले, आणि पोटावरून डाळीएवढी चकती उडालेली, मधोमध पांढरा ठिपका. त्या लॉटच्या 24 पैकी 11 मगांचं तेच. लादीतून मातीत मिसळलेला प्लास्टरचा कण भट्टीत गप्प बसतो, नंतर हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची माती उडवतो. आणि तो अडवणारी चाळण येते लादीच्या आधी, नंतर नाही!

लादीची कड बघितली. काटकोनात, सुरीसारखी. माती खरवडताना पत्रा लागला की कपची निघणारच. विक्रेता म्हणाला, "मॅडम, वापरायची पद्धत चुकली. फोटो पाठवा." पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

इथे माझीही चूक सांगते. हरिपूर रोडला, नदीच्या अंगाला राहते. जुलैत लादी वाळेचना. ओली लादी पाणी पीत नाही. म्हणून गरम भट्टीवर ठेवली. साठ अंशांच्या वर प्लास्टर स्वतःतलं पाणी सोडतं आणि भुसभुशीत होतं, हे नंतर कळलं. हात फिरवला की पांढरी पावडर. दोन दिवस वाटलं, विक्रेत्याला उगाच बोलले. मग आठवलं, मगांची माती मे महिन्यातली, भट्टीचा प्रताप जुलैचा. म्हणजे कडेचं पाप कडेच्याच माथी.

भाजलेली लादी टाकून दिली. दुसरीची कड अंगणात पॉलिश पेपर ओला करून गोल केली. दहा मिनिटं लागली, फक्त दहा! पत्र्याऐवजी आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तिसरी लादी घरीच, साबण लावलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यात ओतली: दहा किलो पावडरला सात लिटर पाणी, पावडर पाण्यात भुरभुरवायची, उलटं नाही. घमेल्याच्या बुडाला गोलाई असतेच, त्यामुळे कड आपोआप गोल. खर्च निम्म्याहून कमी. त्यानंतरच्या तीन भट्ट्यांत एकही ठिपका नाही.

परवा विक्रेत्याचा मेसेज आला: "नवीन स्टॉक आलाय, पाहिजे का?" मी घमेल्याचा फोटो पाठवला. पुन्हा निळ्या खुणा.