कार्बोरेटर साफ करू की नवाच बसवू?
भाच्याची जुनी बाईक पावसाळाभर उभी होती. आता किक मारून पाय दुखले तरी चालू होईना. आधी फ्लोट बाउलचा, म्हणजे कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सैल केला. पेट्रोल नीट आलं, म्हणजे टाकी आणि कॉक ठीक, अडकलंय पुढे.

खर्चात सफाईच स्वस्त: क्लीनरचा डबा, बाउलचं गॅस्केट, एक दुपार. पायलट जेटचं, म्हणजे गाडी उभ्या उभ्या चालू असताना (आयडलिंगला) पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक अगदी बारीक. सुईने कोरलंत की मोठं होतं आणि अ‍ॅव्हरेज बसलं. फक्त हवा मारा. नवा तासाभरात बसतो, पण डुप्लिकेट निघाला तर ट्यूनिंगला अंत नाही. स्लाइड (अ‍ॅक्सिलरेटर पिळला की वर-खाली सरकणारा आतला भाग) झिजली असेल तर मात्र सफाई टिकत नाही.

नुसती उभी राहून रुसलेल्या गाडीला सफाई पुरते. रोज पळणारी, साफ करूनही आयडलिंगला बंद पडणारी असेल तर नवा घ्या, ओरिजिनलच.