तालुक्याच्या महाविद्यालयातील राज्यशास्त्र : बी.ए. अभ्यासक्रमाविषयी अभिप्राय

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या लहान महाविद्यालयात मी राज्यशास्त्र हा स्पेशल विषय घेऊन बी.ए. केले. बारावीनंतर या विषयाचा विचार करणाऱ्या विद्यार्थिनींना आणि त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

या शिक्षणाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास. देशासाठी पंचायतराज सुचवणारी बलवंतराय मेहता समिती (१९५७), महाराष्ट्रासाठी त्याची रचना सुचवणारी वसंतराव नाईक समिती, आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ पासून राज्यात आलेली जिल्हा परिषदांची व्यवस्था, हा क्रम कोणत्याही पुस्तकात सापडतो. पण आमच्या वर्गात कुणाची आई ग्रामपंचायत सदस्य होती, कुणाचे चुलते पंचायत समितीत होते, त्यामुळे महिलांच्या राखीव जागांवर चर्चा निघाली की सही कोणाची आणि निर्णय कोणाचा, हे मुले घरचे पाहून सांगत. सरांनी आम्हाला आपापल्या गावच्या ग्रामसभेला बसून इतिवृत्त लिहायला लावले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे मला तेव्हाच कळले, आणि आमच्या गावात ती केवळ वहीत होते हेही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानण्याची भूमिका घेतली होती. ती आणि पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती शेजारी ठेवून आम्ही वाद घातला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही बोलली. वर्ग लहान असल्याशिवाय असे शिकवणे शक्य होत नाही, असे माझे ठाम मत आहे. याच जिल्ह्यात १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर लोकांचे सरकार, आणि त्याची न्यायदान मंडळे उभी राहिली. राज्यसंस्थेची अधिमान्यता (तिची सत्ता लोकांनी योग्य म्हणून मान्य करणे) म्हणजे काय, हे शिकवण्यास याहून जवळचे उदाहरण नाही.

राजकीय विचारप्रणाली आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे पेपर मात्र साधारण झाले. ग्रंथालयात जुन्या आवृत्त्याच अधिक होत्या आणि परीक्षा जवळ आली की बहुतेकजण गाईडवर विसंबत. केशवानंद भारती खटल्याचे (१९७३) नाव आणि 'मूलभूत संरचना' (संसदेलाही बदलता न येणारा घटनेचा गाभा) हे शब्द पाठ असणारे पुष्कळ होते. निकालाचा एखादा उतारा वाचलेले फार थोडे. हा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे मला मान्य नाही, कारण तो उतारा मराठीत त्यांच्या हाती देणे हे महाविद्यालयाचे काम होते. फी परवडणारी होती आणि एस.टी.च्या पासमुळे आसपासच्या वाड्यांतील मुलींना रोज येणे जमले. हे लहानसे वाटले तरी अनेकींचे शिक्षण त्यावरच टिकले.

स्पर्धा परीक्षांसाठी भारतीय राज्यघटनेचा पाया येथे चांगला घडतो, तरीही केवळ तेवढ्यासाठी हा विषय घेऊ नये. प्रवेश घेण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी : स्पेशलचे पेपर शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, की सारा विभाग तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांवर, चालतो. आमच्या शेवटच्या वर्षी एका पेपरचे शिक्षक सत्राच्या मध्यावर बदलले आणि त्या पेपरचा अर्धा भाग आम्हाला आपल्याआपणच वाचावा लागला.