आधी पायथन की ‘ऑफिस’?

सदाशिव पेठेतल्या भाचीने विचारलंय: सुट्टीत कुठली ब्रिटिश विनोदी मालिका बघू, ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ की (ब्रिटिशच) ‘द ऑफिस’?

वेळेचं म्हणाल तर पायथनचे ४५ भाग (१९६९-७४), पण कुठूनही उचलावेत. ‘ऑफिस’चे (२००१-०३) दोन सीझन मिळून १२ आणि वर नाताळ विशेष; ते मात्र क्रमानेच.

पायथनमध्ये तेव्हाचे ब्रिटिश संदर्भ अडतात, काही स्केचेस, म्हणजे छोटी प्रहसनं, विरलीही आहेत. ‘ऑफिस’मध्ये मागून हशा येत नाही, कुठे हसायचं ते आपणच शोधायचं. साहेब कॅमेऱ्यासमोर बढाया मारतो, कर्मचारी अवघडून नजर चुकवतात. अधिकाराचा पोकळपणा इतका नेमका क्वचितच पकडलेला दिसतो!

जेवताना थोडा वेळ हसायचं असेल तर पायथन. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एकांकिका लिहायची असेल, तर ‘ऑफिस’च, तेही वही घेऊन.