औषधांचा विमा म्हणून मामांना विकलेलं कार्ड

इंदूरमध्ये राहणाऱ्या, रिटायर झालेल्या आणि रोज बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांपर्यंत हे पोहोचावं म्हणून लिहिते आहे. माझ्या मामांकडून साडेअठरा हजार रुपये घेऊन 'औषधांचा विमा' म्हणून जे हातात ठेवलं, तो औषधांचा विमा नव्हता. अशी कार्डं विकणारे आमच्या परदेशीपुरा, मालवा मिल, नंदानगर भागात अजून दारोदार फिरताहेत.

मामा 68 वर्षांचे, सांवेर रोडवरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले. पेन्शन अगदी तुटपुंजी. त्यांचा मधुमेह आणि मामींचं थायरॉईड मिळून औषधांना महिन्याला साडेतीन हजार लागतात, तेही दवा बाजार या घाऊक औषधबाजारातून आणली तर.

वस्तीत ज्येष्ठांसाठी मोफत तपासणीचं शिबिर लागलं होतं. साखर बघितली, वजन घेतलं आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी मोबाइल नंबरसकट लिहून घेतली. मग आठवड्याच्या आत एक तरुण घरी आला. मामांच्या गोळ्यांची नावं, सकाळची कोणती, रात्रीची कोणती, सगळं त्याला तोंडपाठ. "बाबूजी, दवाई का पैसा अब जेब से नहीं जाएगा. बिल दो, पैसा खाते में." इतकी माहिती असलेला माणूस सरकारी योजनेतलाच असणार असं मामा-मामींना वाटलं, आणि तसं वाटावं म्हणूनच ती यादी घेतली होती. आजारी माणसाने विश्वासाने सांगितलेलं दुखणं असं वापरणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

चेक घेतला तो त्या तरुणाच्या संस्थेच्या नावाने. नंतर एक चकचकीत कार्ड आलं. मामांनी औषधांची बिलं दिली, पैसे काही आले नाहीत. फोन केला की "प्रोसेस में है". शेवटी मी कागद मागवून घेतले, तेव्हा खरा प्रकार कळला. विमा कंपनीची पॉलिसी खरी होती, पण ती अपघात विम्याची, जेमतेम बाराशे रुपये प्रीमियमची. उरलेले पैसे कार्डाचे. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'निवडक दुकानांत औषधांवर सवलत'. म्हणजे सतरा हजारांहून जास्त रक्कम निव्वळ सवलतीच्या कार्डासाठी घेतली!

प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला अर्ज, बघितल्यावर तर हातपाय गार पडले. 'मधुमेह आहे का?' यापुढे 'नाही'. मोबाइल नंबर आणि ईमेल त्या एजंटचा. त्यामुळे कंपनीचे मेसेज, पॉलिसीची प्रत, सगळं त्याच्याकडे जात होतं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, पण मामांना ती मिळालीच नव्हती.

नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाची असते. भरतीच्या आधी साधारण 30 दिवस आणि नंतर 60 दिवस, त्याच आजाराची औषधं त्यात येतात. घरी रोज घ्यायच्या गोळ्या येत नाहीत. त्यासाठी पॉलिसीत 'ओपीडी' (भरती न होता घेतलेले उपचार) असं वेगळं लिहिलेलं लागतं, आणि तिथेही वर्षाची मर्यादा असते. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं 5 लाखांचं कार्ड मिळतं, तेही भरतीसाठीच. सुटी झाल्यावर 15 दिवसांची औषधं त्यात धरलेली आहेत, बस. म्हणून "गोळ्यांचे पैसे मिळतील" असं कोणी म्हणालं की ती ओळ पॉलिसीत कुठे छापली आहे ते दाखवायला सांगा. माहितीपत्रकात असून चालत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे कळलेलं. मामांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, कापला जायचा. किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाचे 120 रुपये आगाऊ भरून नवरा-बायको दोघांसाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात, औषधांसकट. नंदानगरचं ईएसआय हॉस्पिटल मामांच्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे. रिटायर होताना कारखान्यात कोणी हे सांगितलं नाही. आता निवृत्तीचे कागद देऊन नाव नोंदवलं आहे आणि मधुमेहाच्या गोळ्या तिथूनच आणतो.

पैशांचं म्हणाल तर, विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एजंटचा नंबर घातलेला फॉर्म दाखवला, आणि प्रीमियम परत आला. तिथे दाद लागली नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मध्य प्रदेशच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. पण सवलतीचं कार्ड विमा नसल्यामुळे ते लोकपालांच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी पोलिसांत अर्ज दिला आहे आणि ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ते पैसे अजून अडकलेले आहेत.

असल्या शिबिरात ज्यांनी नाव-नंबर लिहून दिला आणि नंतर चेक दिला, त्यांनी कंपनीच्या शाखेतून प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. आधी त्यातला मोबाइल नंबर बघा, मग आजारांचे रकाने. ऑनलाइन पैसे भरले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.