कुबरनेटीस, आठ महिन्यांनंतर: पडलेलं उभं राहतं, पण का पडलं ते आपणच शोधायचं

आधी रात्री फोन वाजला की लॅपटॉप उघडायचा, प्रोसेस पुन्हा चालू करायची आणि पहाटेपर्यंत जागं राहायचं. आठ महिन्यांपूर्वी सगळ्या सर्व्हिस कुबरनेटीसवर, म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, हलवल्या, तेव्हापासून असा फोन महिन्यातून एखादाच येतो. तेवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा हेच निवडेन.

एका सर्व्हिसच्या तीन प्रती चालू हव्यात, एवढंच सांगायचं. एक पडली की ते दुसरी उभी करतं. स्वतःची देखभाल स्वतः करणारी यंत्रणा हवी, असं आयबीएमने 2001 मध्ये मांडलं होतं. त्यातला बराच भाग इथे रोज हाताशी असतो.

पण रीस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे. चौथ्या महिन्यात पॉडची (पॉड म्हणजे सर्व्हिसची एक चालू प्रत) यादी सहज बघत होतो, तर रिपोर्ट बनवणाऱ्या सर्व्हिससमोर रीस्टार्टचा आकडा 61. कारणाच्या जागी ‘ओओएम किल्ड’ (मेमरी संपली म्हणून मारलं), एक्झिट कोड 137. मेमरी गळत होती, साधारण दोन दिवसांत मर्यादा गाठत होती, आणि कंटेनर (पॉडच्या आत प्रोग्राम चालवणारा डबा) मारून नवा उभा राहत होता. असं मारताना आवरायला क्षणभरही मिळत नाही, त्यामुळे हातातलं काम तिथेच जायचं. ‘रिपोर्ट आलाच नाही’ या तक्रारी आम्ही नेटवर्कच्या माथी मारल्या होत्या. मधे नवी आवृत्ती डिप्लॉय झाली असती तर नव्या पॉडबरोबर तो आकडाही शून्यावर गेला असता. दोष होता कधीच रिकाम्या न होणाऱ्या एका कॅशेत, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात.

दुसरी चूकही आमचीच. लाइव्हनेस प्रोबमध्ये (पॉड जिवंत आहे का ते बघायचं, नसेल तर रीस्टार्ट करायचं) डेटाबेसची तपासणी घातली होती. डेटाबेस मंदावला, दर 10 सेकंदांची तपासणी ओळीने 3 वेळा फसली, आणि धडधाकट पॉड एकदमच रीस्टार्ट झाले. सगळ्यांनी मिळून नवी कनेक्शन मागितली, डेटाबेस आणखी दबला. पुढे तो सावरला, तरी पॉड थांबलेलेच, कारण दोन रीस्टार्टमधला वेळ 10, 20, 40 सेकंद असा दुपटीने वाढत 5 मिनिटांपर्यंत जातो. आता ती तपासणी रेडीनेस प्रोबमध्ये (पॉड काम घ्यायला तयार आहे का, एवढंच बघणाऱ्या) आहे: ट्रॅफिक थांबतो, पॉड मरत नाही.

नव्याने घेणाऱ्यांनी रीस्टार्टवर अलर्ट पहिल्याच दिवशी लावावा आणि लॉग (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी) बाहेर साठवावेत. मेलेल्या कंटेनरचा लॉग मागता येतो, पण फक्त शेवटच्या एकाचा. आधीच्या साठांचं आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं.