जुनं घर पाडायचंय: जेसीबी लावू की उतरवून घेऊ? (सांगली-मिरजेतल्या घरमालकांसाठी)

2019 आणि 2021 च्या पुरानंतर गावभाग, खणभाग, मिरज इकडच्या बऱ्याच लोकांनी जुनं माती-चुन्यातलं घर पाडून आरसीसी बांधायचं मनावर घेतलंय. नवीन घराच्या प्लॅनवर घरात महिनोन्महिने चर्चा होते, पण पाडायचं कसं हे एका फोनवर ठरतं. माझं मत आधीच सांगतो, घरात लाकूड, घडीव दगड, कौलं असतील तर आधी माणसं लावून एकेक वस्तू सुटी करून उतरवून घ्या आणि उरलेल्या भिंतींनाच मशीन लावा.

जेसीबीचा फायदा एकच, वेळ. चार दिवसांत प्लॉट मोकळा. पण सागवानी तुळया मोडतात, चौकटी फुटतात, कौलांचा चुरा होतो आणि माती, विटा, लाकूड, प्लास्टिक सगळं एकत्र कालवलं जातं, मग त्या राडारोड्याला कोण घेत नाही, तो रात्री कुठल्यातरी ओढ्यात नाहीतर नदीकडेच्या खड्ड्यात पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी तुंबलं की भोगायचं आपणच. आणि ते "पैसे नकोत, मालावर पाडून देतो" म्हणणारे असतात ना, तिथं मालकाला वाटतं काम फुकटात झालं. अहो पण त्या मालाची किंमत कुणी काढलेलीच नसते! जुन्या लाकडाच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना आधी घर दाखवा, आकडे घ्या, मग बोला.

उतरवून घ्यायला दिवस जास्त लागतात, मजुरी जास्त, भाड्याच्या घरात राहत असाल तर तो खर्च वाढतो, हे खरंय. पण कौलं, वासे, तुळया, दारं-खिडक्या, पायऱ्यांचे दगड अख्खे निघतात. विटांचं मात्र बघून ठरवा. माती किंवा चुन्यातल्या विटा सहज सुटतात, सिमेंटमधल्या सुटत नाहीत, फुटतात, तिथं हाताने काढत बसणं परवडत नाही. पुराचं पाणी लागलेल्या खालच्या भिंतींना लोणा (क्षाराचा पांढरा थर) असतो, त्या विटा नव्या भिंतीत अजिबात घालू नका. बाकीच्या दोन विटा एकमेकींवर वाजवा, आवाज खणखणीत आला तर चांगलं, आणि चार विटा वजन करून 24 तास पाण्यात ठेवा, वजन 20 टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर बाजूला काढा. आणि भिंत कललेली असेल, माळवदाला (मातीच्या सपाट छताला) तडे असतील तर माणूस वर चढवायचाच नाही, तिथं मशीनच.

आता सरकारी नियम काय म्हणतात. 2016 च्या केंद्राच्या नियमांत होतं की दिवसाला 20 टन किंवा महिन्यात एका प्रोजेक्टवर 300 टनांच्या वर राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असा वेगवेगळा करायचा. 20 टन म्हणजे अडीच ब्रासचे (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) दोनच डंपर, म्हणजे जेसीबी लावला की साधं घरसुद्धा एका दिवसात त्यात बसतं. पण कुठल्या साध्या घराच्या साईटवर असे चार ढीग बघितलेत? 2025 ला नवे नियम निघाले, 1 एप्रिल 2026 ही ते लागू व्हायची तारीख, त्यातली रिसायकलिंगची मुख्य जबाबदारी 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर आहे. तुमचं-आमचं घर त्यात येत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने 2016 ला उलटं केलं, 1916 किंवा त्याआधीची घरं मशीनने पाडायचीच नाहीत, उतरवूनच घ्यायची असा नियम केला आणि नंतर ते वर्ष 1940 पर्यंत आणलं. म्हणजे लहान घरापासूनच सुरुवात. आपल्याकडं जुन्या पेठा असलेल्या प्रत्येक गावाला असा नियम पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोवर पाडणाऱ्याबरोबरच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठला माल मालकाचा, ढीग वेगळे करायचे, आणि राडारोडा कुठं टाकणार त्या जागेचं नाव.

विटांचे तुकडे पायाच्या भरावात, काँक्रीटखालच्या सोलिंगला (दगड-विटांच्या थराला) चालतात, नीट कुटून घेतले तर. स्लॅब-कॉलमला मात्र नको. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकात जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी एम 25 पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत चालते, पण ती प्लँटमधून धुऊन-चाळून आलेली पाहिजे, घरी हातोड्याने फोडलेली नाही.

नवीन विटा लागतीलच, तिथं सरकारचा जोर जास्त आहे. 1999 पासून फ्लाय अॅशचे (वीज केंद्रात कोळसा जाळून उरलेल्या बारीक राखेचे) आदेश निघतायत आणि 2021 च्या आदेशात औष्णिक वीज केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आत बांधकामाला राखेचा माल वापरणं सक्तीचं केलंय, अट एवढीच की तो दुसऱ्या मालापेक्षा महाग नको. सोलापूरच्या एनटीपीसीच्या वीज केंद्रामुळं सांगली त्या टप्प्यात येते. लाल वीट भट्टीवरून लगेच मिळते, गवंड्याच्या हातात बसलेली असते, पण तिच्यासाठी कृष्णाकाठची पिकाऊ माती जाते. फ्लाय अॅशची वीट एकसारखी असते, गिलावा कमी लागतो, फक्त कच्ची आली तर भिंतीला बारीक तडे जातात, म्हणून वीट पक्की व्हायला किती दिवस पाणी मारलंय ते कारखान्यात जाऊन विचारा. दोन्हीचा दर साईटपोच घ्या, भट्टीवरचा नको. फरक थोडा असेल तर मी फ्लाय अॅशच घेईन.