आठ महिने एटीव्ही वापरल्यावर: सगळं ठीक, अंगठा सोडून

रविवारी संध्याकाळी गिल्बर्ट गावातल्या भाड्याच्या खोलीवर परत आलो आणि दाराची किल्ली फिरवता येईना. कुलूप ठीक होतं, किल्लीही ठीक होती. उजवा अंगठा कामातून गेला होता. डाव्या हाताने दार उघडलं, डाव्या हाताने जेवलो, आणि आईचा व्हिडिओ कॉल आला तो घेतलाच नाही, कारण तिने आधी हातच बघितला असता. ही मे महिन्यातली गोष्ट. या एटीव्हीवर, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या, कच्च्या वाटांवरच्या चारचाकीवर लिहायचं हे त्याच रात्री ठरवलं.

गाडी मार्चमध्ये सेकंडहँड घेतली, ४२०० डॉलरला. ५०० सीसीच्या आसपासची, फोर-व्हील ड्राइव्ह, बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार थोड्याफार फरकाने सगळ्यांच्याच गाड्यांना लागू आहे. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफील्ड-मकॉयच्या ट्रेल, म्हणजे अशा गाड्यांसाठीच्या डोंगरातल्या कच्च्या वाटा, तिथून साधारण चार तासांवर. पाच फेऱ्या झाल्या, मीटरवरचे ६४० मैल माझे.

चढाला गाडी उत्तम. दगडगोट्यांतून, चिखलातून, मुळांवरून ती निमूट वर जाते. उतारावर ‘लो’ गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला फार हात लावावा लागत नाही. पहिल्या फेरीत मी शहाणपणा करून खडा चढ ‘हाय’मध्येच चढवत बसलो आणि जळक्या रबराचा वास आला तेव्हा कळलं की बेल्ट घसरून तापतोय. तो दोष गाडीचा नाही, माझा. टायरचा दाब मोजायला मात्र वेगळा गेज घ्या. या टायरांत जेमतेम ५-७ पीएसआय हवा असते आणि मोटारीचा गेज एवढ्या खाली काही धड सांगत नाही. बस, गाडीचं कौतुक संपलं.

आता अंगठा.

साताऱ्यात कॉलेजपासून स्प्लेंडर चालवली. मूठ पिळली की वेग, सोडली की बंद, हे हातात मुरलेलं. एटीव्हीला ते नाही. उजव्या मुठीशेजारी एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने पुढे ढकलायची. स्प्रिंग तिला सतत मागे रेटत असते. म्हणजे दिवसभर, सहा-सात तास, तुम्ही एका बोटाने एक स्प्रिंग दाबून धरलेली असते, तीही खडखडाटात. एकलव्याने एकदाच दिला, आम्ही दर शनिवार-रविवारी देतो.

बरोबरचा मित्र नागपूरचा. त्याला म्हटलं, मूठवाला किट मिळतो, तो बसवून टाकतो. तो म्हणाला, “अबे, बसवून तर पाहा. पहिल्याच चढावर मागे कलशील, पडू नये म्हणून मूठ आवळशील, अन् गाडी अजून उसळंल.” मुद्दा खरा आहे. दगडावर चाक चढलं की अंग मागे फेकलं जातं आणि आपण हँडलला लोंबकळतो. मूठ असेल तर तेवढ्यात ती पिळली जाते. पट्टी असेल तर अंगठा निसटतो, स्प्रिंग ती मागे नेते आणि इंजिन मंदावतं. शिवाय वळणावर अंग आत झुकवताना मनगट मोकळं राहतं. पटलं सगळं. दुखायचं काही थांबलं नाही.

मग पट्टीवर चढवायचा एक जोडतुकडा आणला, २२ डॉलर. पट्टी लांब झाली की जोर कमी लागतो, हे शाळेतलं तरफेचं गणित, आणि ते चाललंही. पण हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की ती लांब पट्टी मांडीला टेकायची. एका घळीत वळताना मांडीनेच गाडीला वेग दिला. तुकडा त्याच दुपारी काढला. बावीस डॉलर गेले, मांडी वाचली.

शेवटी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. पट्टी फारच जड वाटते, म्हटलं. दोन दिवस ठेवून घेतली, ९५ डॉलर तपासणीचे लावले आणि कागदावर लिहिलं काय, तर ‘नॉर्मल’. मी विचारलं, उघडून पाहिलं का? काउंटरवरचा म्हणाला, सगळ्या अशाच असतात. पंच्याण्णव डॉलरला एक शब्द. परत विचारायला गेलो तर म्हणे, उघडायची मजुरी वेगळी. मी तिथे आवाज चढवला, याची थोडी लाज वाटते, पण थोडीच.

इथपर्यंतचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. पुढचं ऑक्टोबरात लिहितोय आणि थोडे शब्द गिळावे लागणार आहेत.

ऑगस्टच्या एका रविवारी गॅरेजमध्ये बसून मीच पट्टीच्या डबीचे स्क्रू काढले. आत कोळशाच्या भुकटीचा आणि चिखलाचा काळा लगदा. पट्टीपासून इंजिनकडे जाणाऱ्या केबलच्या तोंडाशी तारा गंजलेल्या. दोन्ही टोकं सोडून केबल हाताने ओढली, तर घशात अडकलेल्या घासासारखी अडत अडत सरकली. म्हणजे अंगठा स्प्रिंगशी कमी आणि गंजाशी जास्त भांडत होता. नवी केबल २८ डॉलर, काम पाऊण तासाचं.

पाणी आत गेलं कसं? गिल्बर्टला आम्ही उतरतो तिथे ट्रेलवरून आल्यावर गाड्या धुवायला प्रेशरचा पाइप ठेवलेला असतो, भाड्यातच धरलेला. फुकट ते पौष्टिक या न्यायाने मी दर वेळी अर्धा-अर्धा तास गाडी धूत होतो, आणि सगळ्यात जास्त धार हँडलवर, कारण चिखल तिथे डोळ्यांसमोर असतो. डबीच्या रबरी टोपीला आधीच चीर होती. तर ती पट्टी जड केली मीच. वर्कशॉपने डबी उघडली असती तर दोन महिने आधी कळलं असतं, म्हणून ९५ डॉलरचा राग कायम आहे. पण ‘कंपनीने जड स्प्रिंग लावली’ हे वाक्य मी मे महिन्यापासून चारचौघांत म्हणत होतो, ते मागे घेतो. हँडलवर प्रेशरची धार मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

केबल बदलल्यावर सप्टेंबरात गेलो. फरक निम्म्याहून जास्त. संध्याकाळी किल्ली फिरली. सरळ, सपाट पट्ट्यात अंगठ्याऐवजी तळहाताच्या कडेने पट्टी दाबायची सवयही लावून घेतली. पण निम्म्याहून जास्त म्हणजे पूर्ण नव्हे.

कोणी इकडे शनिवार-रविवार आखत असेल तर थोडं आखणीचं. या ट्रेल बहुतेक कोळसा आणि जमीन कंपन्यांच्या जागेतून, करार करून काढलेल्या आहेत. राज्याच्या विधिमंडळाने १९९६मध्ये त्यासाठी प्राधिकरण केलं आणि २०००मध्ये पहिल्या ट्रेल उघडल्या. आता एकूण लांबी हजार मैलांच्या वर आहे, तेव्हा दोन दिवसांत ‘सगळं बघू’ म्हणू नका. एक गाव धरा, त्याच्याभोवती फिरा. गिल्बर्ट, मॅन, मेटवन अशा गावांत एटीव्ही रस्त्यावरून पंपापर्यंत आणि खाणावळीपर्यंत नेता येते, त्यामुळे गाडी लादून आणलेला ट्रेलर एकदा सोडला की परतीपर्यंत त्याच्याकडे बघावं लागत नाही. नकाशावर हिरवी सोपी, निळी मधली, काळी अवघड. पहिल्या दिवशी काळीवर जाऊ नका. आम्ही गेलो आणि तीन मैलांना दोन तास लागले. दऱ्यांत फोनला रेंज नसते, कागदी नकाशा घ्याच. हेल्मेट सक्तीचं.

आणि परमिट. ते माणशी लागतं, गाडीमागे नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या रहिवाशांना स्वस्त, आपल्याला महाग. मुख्य गोम ही की ते वर्षभराचं नसतं, त्या वर्षाचं असतं. मागच्या नोव्हेंबरात भाड्याच्या गाडीवर एकदा जाऊन आलो, दोघांची परमिटं काढली आणि ३१ डिसेंबरला ती संपली. दोन दिवस वापरलेलं परमिट मी अजून पाकिटात ठेवलंय, स्वतःला धडा म्हणून.

एकदा मेटवनला उतरलो होतो. १९२०मध्ये खाणकामगार आणि कंपनीचे भाडोत्री डिटेक्टिव्ह यांच्यात जिथे गोळीबार झाला तेच गाव. हॅटफील्ड आणि मकॉय या दोन घराण्यांचं वैरही याच टग फोर्क नदीच्या दोन्ही काठांचं; त्यात एका डुकराच्या मालकीवरून झालेला खटलाही आहे. मित्र म्हणाला, आपल्याकडे बांधावरून होते, इथे डुकरावरून. भाऊबंदकी ती भाऊबंदकीच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथेच, गाडीच्या कॅरिअरवर डबा ठेवून खाल्ली. डावा हात घास तोडायला, उजवा आराम करायला.

बायको सुरुवातीला यायची नाही, कारण माझी गाडी एकट्याची आहे आणि मागे बसायला नियमाने बंदी. सप्टेंबरात आली आणि तिने साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची गाडी, भाड्याने घेतली. स्टीअरिंग, सीटबेल्ट, वर छप्पर, आणि वेगाला पायाखाली पेडल. संध्याकाळी मी बर्फाची पिशवी धरून बसलो होतो आणि ती समोर आल्याचा चहा ढवळत म्हणाली, “अरे, इतके महिने तू अंगठ्याची केबल, अंगठ्याचा तुकडा करतोयस. पायाची गाडी का नाही घेतलीस?” मी किमतीचा फरक सांगितला. तिने ९५, २२, २८ आणि मागच्या वर्षीची दोन परमिटं अशी बेरीज करायला घेतली, तेव्हा मी विषय बदलला.

गाडी विकत नाही. या वर्षीचं परमिट ३१ डिसेंबरपर्यंत आहे आणि ते मी पूर्ण वसूल करणार, नोव्हेंबरात एक फेरी ठरलीय. थंडीत अंगठा आणखी आखडतो, म्हणून पट्टीखाली चिकटवायचा छोटा हीटर मागवलाय, बॅटरीवर चालणारा. वायरी मीच जोडणार आहे. त्या वर्कशॉपला नेला तर तेही ‘नॉर्मल’ निघेल.